मेणवलीला दोन रात्री : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा मेणवलीला गेले तेव्हा रविवारची दुपार होती. आम्ही पाचगणीला निघालो होतो. वाईत जेवलो आणि "जवळच आहे, वाडा बघून घेऊ" म्हणून गाडी वळवली. वाड्याचं दार बंद होतं. घाटावर तीन कुटुंबं आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली दोन जोडपी होती. दगड एवढा तापला होता की चप्पल काढवेना. वीस मिनिटांत आम्ही परत गाडीत बसलो, आणि "मेणवलीत फारसं काही नाही" असं मी दोन वर्षं लोकांना सांगत राहिले.

मग एका जानेवारीत आईला घेऊन दोन रात्री राहायला गेले आणि ते बोलणं मागे घ्यावं लागलं. त्यानंतर चार वेळा जाऊन आले. कोणी विचारलं की जे सांगते ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

१. जाण्याआधी : हे गाव कसलं आहे ते समजून घ्या

सातारा जिल्ह्यात, वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णाकाठी मेणवली आहे. डोक्यावर पांडवगड आणि चारी बाजूंना शेतं आहेत. डिसेंबर १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणवीसांना दिलं. नानांनी इथे सहा चौकांचा वाडा बांधला, नदीला घाट बांधला आणि घाटावर देवळं उभी केली. नाना, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, जन्मले साताऱ्यात १७४२ साली आणि वारले पुण्यात १८०० साली. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे ते हेच. अक्कल पूर्ण, पण तलवार हाती नाही, म्हणून अर्धे.

बघण्यासारखं म्हणाल तर एवढंच : वाडा, घाट, देवळं आणि एक घंटा. यादी करून बघणाऱ्याला एक तास पुरतो, आणि तिथेच लोक फसतात. हे गाव बघून संपवायचं नसतं, इथे राहायचं असतं. तुमच्या घरी दिवसाला पाच ठिकाणं झाल्याशिवाय चैन न पडणारं कोणी असेल, तर त्यांना आधीच मोकळेपणाने सांगा की इथे बोटिंगचा पॉइंट नाही, बाजारपेठ नाही, संध्याकाळी सातनंतर फिरायला जागा नाही. हे ऐकून ज्यांना बरं वाटेल त्यांनाच सोबत घ्या.

२. दिवस निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पहाटे चांगली थंडी पडते आणि नदीवर धुकं असतं. फेब्रुवारीच्या सुमारास वाईच्या शिवारात हळद काढायला सुरुवात होते. हळद शिजवून वाळत घातलेली असली की रस्त्याने जातानाही तिचा ओलसर, मातकट वास येतो. तो वास मला वाड्याइतकाच लक्षात राहिला आहे.

पावसाळ्यात सगळा परिसर हिरवागार होतो हे खरं, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेणवलीच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. धरणातून पाणी सोडलं की नदी चढते आणि घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. घाटावर बसायलाच जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर टाळा. पावसाळ्यात गेलातच तर गावातल्या कोणाला तरी विचारल्याशिवाय पायऱ्या उतरू नका. शेवाळ धरलेला काळा दगड कोरडा दिसला तरी निसरडा असतो.

एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते पाच खोलीतच बसावं लागतं. सुट्ट्या तेव्हाच असतात हे मला कळतं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर जाऊ नका.

आठवड्यातले रविवार ते मंगळवार घ्या. शुक्रवार-शनिवारी महाबळेश्वरला जाणारी सगळी गर्दी वाईतूनच जाते. खंबाटकी घाटातली कोंडी आणि वाईच्या बाजारातली रांग तुमची पहिली संध्याकाळ खाऊन टाकते. रविवारी दुपारी निघालात तर ती गर्दी समोरून परतत असते आणि तुमचा रस्ता मोकळा असतो.

फाल्गुनात जाणार असाल तर पंचांग बघा. रंगपंचमीला जवळच्या बावधन गावात भैरवनाथाची बगाड यात्रा भरते (बगाड म्हणजे नवसकऱ्याला उंच लाकडी शिडाला टांगून ओढायचा गाडा). तिला अफाट माणूस लोटतं. ती बघायची असेल तर तिच्यासाठीच जा. विश्रांतीसाठी जाणार असाल तर तो आठवडा सोडा. त्याआधीच्या हिवाळी दिवसांत वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव एकामागून एक चालू असतो. प्रत्येक घाटाचे दिवस ठरलेले. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यातला एखादा दिवस गाठता आला तर जरूर गाठा. मांडवातलं कीर्तन ऐका, प्रसादाला बसा.

३. मुक्कामाची जागा ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पर्याय तीन आहेत. वाईत हॉटेलात राहायचं आणि मेणवलीला ये-जा करायची. मेणवली-धोम रस्त्यावरच्या एखाद्या शेतघरात किंवा कृषी पर्यटनाच्या ठिकाणी उतरायचं. किंवा गावात ओळखीतून एखाद्या घरी सोय होते का ते बघायचं. आई बरोबर होती म्हणून मी दुसरा पर्याय घेतला आणि आजही तोच सुचवते.

जाहिरातीत "वाईजवळ", "कृष्णाकाठी", "मेणवलीपासून दहा मिनिटं" असं काहीही लिहिलेलं असतं. एका ठिकाणी नदीकाठची खोली म्हणून मी पैसे भरले, आणि पोचल्यावर बघते तर जागा पाचगणीच्या चढावर, नदी दूर खाली. म्हणून फोनवर हे प्रश्न विचाराच :

- मेणवलीच्या घाटापर्यंत चालत किती वेळ लागतो? "गाडीने पाच मिनिटं" हे उत्तर चालणार नाही.
- खोली तळमजल्यावर आहे का? संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का? वयस्कर माणसं असतील तर हे आधी विचारा.
- रात्री स्पीकर लागतात का? शेजारी लग्नाचं लॉन आहे का? हा प्रश्न मी एकदा विसरले आणि रात्री दोनपर्यंत वरातीची गाणी ऐकली.
- जेवण तिथेच मिळतं का, आणि किती वाजेपर्यंत?
- दिवे गेले तर काय सोय आहे?

नकाशावरची जागा मागवून घ्या आणि ती घाटापासून किती लांब आहे ते स्वतः मोजा. आगाऊ रक्कम दिल्याची पावती फोनमध्ये जपून ठेवा.

जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ज्वारीची भाकरी, पिठलं, घेवड्याची आमटी, वांग्याची भाजी, ठेचा असं साधं जेवण मागा. "पनीर मिळेल का" विचारलंत तर मिळेल, पण मग ते तुमच्या शहरातल्या हॉटेलासारखंच लागेल. हळदीच्या दिवसांत ओल्या हळदीचं लोणचं मिळतं का, तेही विचारा.

४. पिशवीत काय घ्यायचं

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, प्रत्येकाचं मूळ. मुक्कामाच्या ठिकाणी नोंदणीला लागतं. एसटीने जाणार असाल तर सवलतीसाठीही लागतं : महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत.
- रोख पैसे, त्यात दहा-वीसच्या नोटा जास्त. फोनवरून पैसे देण्याची सोय गावोगाव पोचली आहे, पण रेंज गेली की अडतं. एटीएम वाईतच वापरून घ्या.
- पायाला घट्ट बसणारी, सहज काढता-घालता येणारी चप्पल. देवळासाठी दिवसातून दहा वेळा काढावी लागते.
- हिवाळ्यात शाल आणि कानटोपी. सकाळी सहाला घाटावर बसायचं तर दोन्ही हवीतच.
- बसायला सतरंजीचा तुकडा. दगड थंडीत गार आणि उन्हात तापलेला असतो.
- बॅटरी. रात्री गल्ल्यांत अंधार असतो.
- रोजची औषधं थोडी जास्तीची. औषधाची दुकानं आणि दवाखाने वाईत आहेत.
- एक रिकामी पिशवी, स्वतःचा कचरा परत आणायला.

५. पोचायचं कसं

पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर. सातारा रस्त्याने खेड-शिवापूरचा टोलनाका, शिरवळ, खंडाळा आणि खंबाटकी घाट ओलांडायचा. घाट उतरल्यावर सुरूरच्या फाट्याला महामार्ग सोडून वाईकडे वळायचं. नकाशाच्या भरवशावर बोलत बोलत गेलात तर हा फाटा मागे पडतो आणि पुढच्या वळणापर्यंत जावं लागतं. घाट संपला की लक्ष ठेवा. हे खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, लोणावळ्याजवळचं नव्हे. फोनवर रस्ता विचारताना हा घोळ हमखास होतो.

मुंबईहून २४० किलोमीटरच्या आसपास पडतं. एका दमात गाडी चालवून दुपारी पोचलात तर पहिला दिवस झोपण्यातच जातो. पहाटे निघा, नाहीतर आदली रात्र पुण्यात काढा.

एसटीने जायचं तर पुण्याच्या स्वारगेटहून वाईच्या गाड्या आहेत, शिवाय पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्याही वाईला थांबतात. आई आणि मी एसटीनेच गेलो होतो. वाई स्टँडवरून मेणवलीला रिक्षा मिळते. बसण्याआधी भाडं ठरवा आणि परतीसाठी रिक्षावाल्या दादांचा नंबर घ्या. रेल्वेचा इथे उपयोग नाही, वाईला स्टेशनच नाही.

६. पहिली संध्याकाळ घाटावर

पोचल्यावर वाडा बघायला धावू नका. चहा घ्या, ऊन कलू द्या आणि पाच वाजता घाटावर जा.

गल्ली संपते आणि एकदम नदी समोर येते. पायऱ्या रुंद आहेत, पण सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही खाली पाण्यापर्यंत उतरलोच नाही, वरच्या टप्प्यावर देवळाच्या सावलीत बसलो. तिथूनही सगळं दिसतं. गुडघेदुखी असणाऱ्यांनी खाली न जाण्याची हळहळ करू नये.

घाटावर मेणेश्वराचं म्हणजे महादेवाचं आणि विष्णूचं अशी देवळं आहेत, आणि शेजारी लहानशा दगडी बांधकामात ती घंटा टांगलेली आहे. तिच्याकडे नीट वेळ द्या. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली दिसेल आणि १७०७ हे साल दिसेल. ही पोर्तुगीजांच्या चर्चची घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच, भीमाशंकरची घंटाही त्यांपैकीच. मेणवलीच्या घंटेचं वजन साडेसहाशे किलो सांगतात.

ही सालं एकापुढे एक मांडून बघा. घंटा ओतली १७०७ साली. वसई पडली तेव्हा नाना जन्मलेच नव्हते. हे गाव त्यांच्याकडे आलं ते वसईनंतर एकोणतीस वर्षांनी. म्हणजे घंटा मराठ्यांच्या हाती आधी आली, आणि ती आज जिथे टांगली आहे तो घाट नंतर झाला. लोक तिच्यासोबत फोटो काढतात आणि जातात. तिच्या कडेवरून बोट फिरवून कोरलेलं चित्र शोधणारं माणूस मला क्वचितच दिसलं. तुम्ही शोधा. मुलं असतील तर त्यांना शोधायला लावा.

घाटावर वावरताना एवढं सांभाळा. हा घाट पर्यटकांसाठी बांधलेला नाही, तो गावाच्या रोजच्या वापरातला आहे. बायका कपडे धुवायला येतात, कधी कोणाच्या दहाव्याचे विधी चालू असतात. अशा वेळी कॅमेरा पिशवीत ठेवा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसा. साबण लावून नदीत उतरू नका. पोहता येत असलं तरी अनोळखी पाण्यात जाऊ नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याची खोली सांगता येत नाही. घाटावर दारू पिणाऱ्यांमुळे गावकरी आधीच वैतागलेले आहेत. त्यांचा राग समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा या. धुकं नदीवरून हळूहळू उठतं, देवळाची कळसाची बाजू आधी दिसते आणि पायऱ्या मागून. या वेळी घाटावर एखादा पूजेला आलेला माणूस आणि खंड्या पक्षी, इतकंच असतं. माझी आई तिथे दीड तास एक शब्द न बोलता बसली होती. तिला एवढं गप्प बसलेलं मी घरी कधी पाहिलेलं नाही.

७. वाडा बघताना

वाडा खाजगी मालकीचा आहे. सरकारी स्मारकासारखी वेळ गृहीत धरू नका. कधी दुरुस्ती असते, कधी चित्रीकरण असतं. बऱ्याच हिंदी-मराठी सिनेमांचं चित्रीकरण मेणवलीत आणि वाईत झालेलं आहे. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच गावात चौकशी करा : उद्या वाडा उघडा आहे का, किती वाजता, आणि आत जायला काय द्यावं लागतं. माझी पहिली खेप केवळ ही चौकशी न केल्यामुळे वाया गेली.

सकाळी उघडल्या उघडल्या आत जा. एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना मध्येच थांबा. आधी उजेड, मग अंधारी खोली, मग पुन्हा उजेड, असं ते बांधकाम आहे. चौकाने वारा आणि प्रकाश आत आणायचा, जाड भिंतींनी ऊन बाहेर ठेवायचं. बाहेर तापत असताना आतल्या सोप्यावर गार का वाटतं, ते दहा मिनिटं बसलात की अंगाला कळतं. लाकडी खांब, तुळयांवरचं कोरीव काम, भिंतींवरची फिकट झालेली चित्रं बघा. चित्रांना हात लावू नका आणि त्यांच्यावर फ्लॅश मारू नका. वरच्या मजल्यावर सोडत नसतील तर हट्ट करू नका, जुन्या लाकडाला एका वेळी किती माणसं पेलतील हे तिथल्यांनाच ठाऊक असतं.

याच वाड्यात पेशवाईच्या कारभाराचे मोडी कागद जपलेले होते. इतिहासाचे अभ्यासक त्यांना मेणवली दफ्तर म्हणून ओळखतात. पुण्यातून चालणाऱ्या राज्याची पत्रं नदीकाठच्या या गावात राहिली, म्हणून आपल्यापर्यंत पोचली. आत फिरताना हे डोक्यात असलं की रिकाम्या खोल्याही रिकाम्या वाटत नाहीत.

८. दुसरा दिवस : वाई आणि धोम, दोन्हींतलं एकच

दोन्ही एका दिवसात होतात, पण मी तसं करू नका म्हणेन.

धोमला जाणार असाल तर सकाळी जा. वाईपासून आठ-नऊ किलोमीटरवर, धरणाच्या खालच्या अंगाला हे गाव आहे. तिथे नृसिंहाचं आणि सिद्धेश्वराचं देऊळ आहे. कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप आहे. कुंडात पाणी असेल तर कासव पोहत असल्यासारखं दिसतं. सोबत दशम्या-चटणी घेऊन गेलात तर तिथल्या झाडाखाली अर्धा दिवस जातो.

वाईला जाणार असाल तर ढोल्या गणपतीपासून सुरुवात करा. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ अगदी नदीकाठी बांधलं. दर्शन घेऊन लगेच निघू नका, देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून. शेजारी काशीविश्वेश्वराचं देऊळ आणि त्यातला गुळगुळीत दगडी नंदी. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून झालं ते हेच गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची प्राज्ञपाठशाळाही इथलीच. वाचनाची आवड असलेल्यांनी त्या गल्लीतून एक फेरी मारावी.

पांडवगड चढायचा असेल तर पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या आणि गावातला वाटाड्या घ्या. ही सहल विश्रांतीची असेल तर गड खालूनच बघा.

पाचगणी, महाबळेश्वर आणि भिलारचं पुस्तकांचं गाव तासा-दीड तासाच्या आत आहेत, आणि "इतकं जवळ आलोच आहोत तर" हे वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी म्हणतंच. तिथे गेलात की दिवस पसरणी घाटात आणि पार्किंग शोधण्यात जातो. भिलार पुढच्या खेपेला ठेवा, ते स्वतंत्र एका मुक्कामाचं गाव आहे.

९. निघताना

शेवटच्या सकाळी पुन्हा घाटावर जा, पण नऊच्या आत निघा. वाईच्या बाजारातून हळद घ्या. पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या आणि घरी आल्यावर दळून आणा. रंग आणि वास दोन्ही टिकतात. स्ट्रॉबेरीचे दिवस असतील तर डबा उघडून खालचा थर बघून मगच पैसे द्या, वर मोठी आणि खाली दबलेली असं बऱ्याचदा निघतं.

मुक्कामाच्या घरी ज्यांनी भाकरी करून वाढली त्या मावशींना भेटल्याशिवाय निघू नका. आम्ही निघताना आमच्या मावशींनी आईच्या पिशवीत घेवड्याच्या शेंगा भरून दिल्या आणि "आता ऊन व्हायच्या आत घाट चढा" म्हणाल्या. त्यांचा नंबर तेव्हाच लिहून घेतला. पुढच्या चारपैकी तीन खेपांची सोय त्याच एका फोनवर झाली.